मिनिटाला किती शब्द, आणि कोणाचे?

हातांनी टाइप न करता येणाऱ्या माणसासाठी केलेलं कुठलंही साधन तपासायला घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. मिनिटाला किती शब्द? यात शब्द म्हणजे खरा शब्द नसतो. टायपिंगच्या जगातला जुना संकेत असा की कुठलीही पाच अक्षरं, मोकळी जागा धरून, म्हणजे एक शब्द. त्यानंतर चुका किती झाल्या, मान किती दुखली, डोकं किती शिणलं हे मोजतात. मी पुण्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, त्यामुळे आकड्यांशी माझं वैर नाही. पण हा प्रश्न पहिला का असावा, याबद्दल गेली दोन वर्षं माझ्या मनात शंका आहे. ती माझ्या आतेभावामुळे आली.

तो म्हसावदला राहतो. नंदुरबार जिल्ह्यातला शहादा तालुका, सातपुड्याचा पायथा. काही वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीवरून पडून त्याच्या मानेच्या मणक्याला मार बसला. खांदे हलतात, कोपर वाकतं, बोटांना मात्र कळत नाही की त्यांना बोलावलंय. मी त्याला दादाच म्हणते, इथेही तेच म्हणेन. हा लेख छापायला देण्याआधी त्याने वाचला आहे. दोन ठिकाणी तो ‘हे काढ’ म्हणाला, ते मी काढलं आहे.

दादाने फोनवर लिहिण्यासाठी चार मार्ग वापरून पाहिले. पहिला सगळ्यात साधा. तळहाताला वेल्क्रोची पट्टी, पट्टीत टोकाला रबर असलेली काडी. हात खांद्यातून उचलायचा आणि काडी अक्षरावर टेकवायची. दुसरा आवाज. गूगलने २०१७ मध्ये मराठी बोलून टाइप करायची सोय आणली, तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आईवडिलांना ती शिकवली असेल. तिसरा चेहरा. फोनचा कॅमेरा भुवई उचललेली, तोंड उघडलेलं ओळखतो आणि त्याला बटण दाबल्यासारखं मानतो. चौथ्या मार्गाकडे मी नंतर येते.

आवाजाचा मार्ग ऐकायला सगळ्यात सोपा वाटतो, आणि ज्यांना खानदेशातला मे महिना माहीत नाही त्यांनाच तो सोपा वाटतो. ४४ अंशांत कूलर बंद करून पडून राहणं शक्य नाही. कूलर चालू असला की फोनला कूलर ऐकू येतो. शिवाय मानेच्या दुखापतीत श्वासाचे स्नायूही कमजोर होतात. दादाचा आवाज खोलीच्या दारापर्यंत जेमतेम पोचतो. आणि मग भाषा. त्या पट्ट्यात अहिराणी, गुजरी, भिली, पावरी अशा बोल्या एकमेकींत मिसळलेल्या. माणसं एका वाक्यात दोन वापरतात. दादा ‘शे’ म्हणतो तिथे फोनला ‘आहे’ हवं असतं. ‘मनं बोलनं याले समजतच नही,’ असं तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता. मग काही दिवस तो फोनशी शाळेतल्या गुरुजींसारखं मराठी बोलायला लागला. घरातली पोरं हसायची.

चेहऱ्याच्या मार्गाचं गणित मी तुम्हाला सविस्तर सांगते, कारण ते आपल्या लिपीचं गणित आहे आणि कोणी फारसं मांडत नाही. ज्याला एकच बटण दाबता येतं, त्याच्यासाठी पडद्यावर अक्षरांचा तक्ता असतो. उजेडाची पट्टी एकेका ओळीवरून सरकते. हवी ती ओळ आली की भुवई उचलायची. मग त्या ओळीतल्या एकेका घरावरून उजेड सरकतो, हवं ते अक्षर आलं की पुन्हा भुवई. समजा प्रत्येक घरावर उजेड एक सेकंद थांबतो आणि सगळी अक्षरं सारख्याच वेळा लागतात. इंग्रजीची २६ अक्षरं पाच ओळी आणि सहा स्तंभांत बसतात. एका अक्षराला सरासरी साडेसहा सेकंद लागतात. देवनागरीत स्वर, व्यंजनं, मात्रा, अनुस्वार, हलन्त धरून साठेक घरं लागतात. सहा ओळी, दहा स्तंभ. एका अक्षराला नऊ सेकंद.

आता ‘म्हसावद’ लिहा. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. फोनला सात दिसतात: म, हलन्त, ह, स, काना, व, द. सात नव्वं त्रेसष्ट. गावाचं नाव लिहायला एक मिनिट तीन सेकंद, तेही एकदाही भुवई चुकली नाही तर. रोमन लिपीत तेच नाव आठ अक्षरांचं, बावन्न सेकंदांत होतं. म्हणजे लिपीच माणसाला हळूच ढकलते की बाबा, रोमनमध्ये लिही. अक्षरं वापराच्या क्रमाने लावली की हे अंतर कमी करता येतं, पण मराठीसाठी तसा तक्ता कोणी बसून केला तरच. आणि ‘पाच अक्षरं म्हणजे एक शब्द’ हा संकेत इंग्रजीत बरा चालतो. मराठीत अक्षर म्हणजे डोळ्याला दिसणारं, की फोनने मोजलेलं? ‘क्षत्रिय’ हा तीन अक्षरांचा शब्द, फोनच्या हिशेबात आठ. कुठलं धरायचं ते कोणी सांगत नाही, आणि सांगितलं नाही तर मिनिटाला किती शब्द याला काही अर्थ राहत नाही.

तरीही आम्ही मोजलं. एका दिवाळीच्या सुट्टीत, एकच परिच्छेद, फोनच्या घड्याळावर. चेहऱ्याने मिनिटाला एक शब्द. काडीने चार-पाच. आवाजाने कूलर बंद असताना वीसच्या आसपास, पण त्यातले चुकलेले दुरुस्त करायला पुन्हा काडी, म्हणजे शेवटी सात-आठ. आणि दादाने बोलायचं, धाकट्या भावाने टाइप करायचं, असं केलं तेव्हा तीस.

धाकटा भाऊ हा चौथा मार्ग. वेगात तो बाकी तिघांना एकत्र हरवतो. त्याला अहिराणी कळते, कूलरच्या आवाजातही ऐकू येतं, तो चार्ज करावा लागत नाही. दादाचं बोलणं अर्धवट राहिलं तरी त्याला पुढचं समजतं. रात्री दोन-दोन तासांनी उठून तो दादाची कूस बदलतो, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून, आणि हे त्याने एक रात्रही चुकवलेलं नाही. आकडेवारीप्रमाणे निकाल स्पष्ट आहे. मग पाच शब्दांची काडी तीस शब्दांच्या भावापेक्षा चांगली का म्हणायची? म्हणायची का?

यावर पटकन येणारं उत्तर म्हणजे स्वावलंबन. सरकारच्या दिव्यांग ओळखपत्राच्या संकेतस्थळाचं नावही ‘स्वावलंबन’च आहे. मला हे उत्तर अर्धंच पटतं. आमच्या गावात स्वतःचा अर्ज स्वतः भरणारा माणूस शोधायला लागेल. सातबारा काढायला सेतू केंद्र, पीकविम्याला भाच्याचा फोन, बँकेत कागद भरून द्यायला ओळखीचा कोणी. हातपाय धडधाकट असलेले सगळे कोणा ना कोणाच्या बोटांनी लिहितात. यातल्या कोणालाही आपण ‘परावलंबी’ म्हणत नाही. तो शब्द आपण दादासारख्यांसाठी राखून ठेवलाय. आणि दादाला भावाशिवाय जगायचंय असंही नाही. स्वतः सगळं करणं ही मोठी गोष्ट आहे, असं मानणारी माणसं बहुतेक वेळा स्वतःचा चहाही करत नाहीत.

मग फरक कुठे? तो मला एका बारीकशा गोष्टीत दिसला. दादाने एका मित्राला उसने पैसे दिले होते. तो भावाला म्हणाला, लिही, ‘पैसे कधी देतोस ते सांग.’ भावाने लिहिलं, ‘पैशांचं जमेल तसं बघ.’ चांगल्या हेतूने. मित्र दुरावू नये म्हणून. मी शेजारी बसून पाहत होते, आणि मला त्यात वावगं काही वाटलं नसतं, जर दादाने पडदा वाचून मान दुसरीकडे वळवली नसती. तो काही बोलला नाही. जो रात्री दोनदा उठतो त्याला ‘तू माझं वाक्य बदललंस’ असं कोण म्हणेल?

हे फक्त आमच्या घरात घडत नाही. या क्षेत्रात घेतली गेलेली सगळ्यात महत्त्वाची परीक्षा याच प्रश्नावर होती, आणि तिचा वेगाशी काही संबंध नव्हता. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात रोझमेरी क्रॉसली यांनी एक पद्धत सुरू केली. ज्यांना बोलता येत नाही अशा मुलांचा हात किंवा मनगट सहाय्यकाने धरायचं आणि मूल अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून लिहील. पुढे डग्लस बिकलेन यांनी ती अमेरिकेत नेली आणि १९९० च्या सुमारास ती वणव्यासारखी पसरली. जी मुलं कधी बोलली नव्हती ती कविता लिहू लागली, आईवडिलांना ‘माझं तुमच्यावर प्रेम आहे’ असं लिहू लागली. काहींनी घरच्यांवर भयंकर आरोपही लिहिले, त्यावरून खटले झाले. मग कोणीतरी साधी चाचणी घेतली. मुलाला एक चित्र दाखवायचं, सहाय्यकाला दुसरं, आणि दोघांना एकमेकांचं दिसू द्यायचं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या एका केंद्रात बारा जणांवर झालेल्या अशा चाचणीचा निकाल १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रं वेगळी असताना एकदाही मुलाने पाहिलेल्या चित्राचं नाव पाटीवर उमटलं नाही. उमटलं ते सहाय्यकाने पाहिलेल्या चित्राचं.

यात मला सगळ्यात हादरवणारी गोष्ट अशी की सहाय्यक फसवत नव्हते. त्यांना मनापासून वाटत होतं की हात मुलाचाच सरकतोय. त्यातले बरेच जण निकाल पाहून रडले असतील, असं मला वाटतं. अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये या पद्धतीविरुद्ध भूमिका घेतली. म्हणजे वर्षानुवर्षं एक साधन वापरात होतं, वेग उत्तम, समाधान उत्तम, घरचे आनंदी. फक्त बोलत दुसरंच कोणीतरी होतं, आणि ज्याच्या नावाने बोललं जात होतं त्याला ‘हे माझं नाही’ म्हणायचीही सोय नव्हती. कारण म्हणायचं झालं तर तेही त्याच हाताने म्हणावं लागणार.

आपल्याकडे लेखनिकाची गोष्ट जुनी आहे. व्यासांनी महाभारत सांगितलं आणि गणपतीने लिहिलं. गणपतीची अट, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांची उलट अट, अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. लहानपणी ही गोष्ट हुशारीची वाटायची. आता मला ती करारासारखी वाटते. लिहिणाऱ्याला वेग हवा आणि सांगणाऱ्याला आपलं म्हणणं नीट पोचायला हवं. परीक्षेतल्या लेखनिकाचे सरकारी नियम याच्या बरोबर उलट आहेत. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावं लागायचं. म्हणजे अर्थ कळता कामा नये. कळला तर तो सुधारेल. दोन्ही अटी आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि दोन्हींच्या मागे भीती एकच आहे की मधला माणूस आपलं घालेल.

माझ्या मते कुठल्याही साधनाच्या परीक्षेत पहिला प्रश्न हा असायला हवा: या साधनाने, जवळच्या माणसाला आवडणार नाही असं काही लिहिता येतं का? त्याला न कळता? मी ‘तक्रार’ म्हणत नाही मुद्दाम. तक्रार असेलच असं नाही. दादाने काडीने लिहिलेला पहिला मोठा मेसेज सुरतेतल्या एका बालमित्राला होता. लिहायला त्याला दोन दुपारी लागल्या. त्यात काय होतं ते मला त्याने नंतर सांगितलं, इथे मी लिहिणार नाही. भावाविरुद्ध त्यात एक शब्द नव्हता. भावाला लागलं असतं, एवढंच. जे आपली इतकी काळजी घेतात त्यांच्यासमोर ‘मला कंटाळा आलाय’ हे साधं वाक्यसुद्धा कृतघ्नपणासारखं वाटतं. तुमच्या-माझ्याजवळ त्यासाठी फोन असतो, बाथरूम असतं, गच्ची असते.

म्हणूनच टाइपरायटरच्या अगदी सुरुवातीच्या इतिहासातली एक गोष्ट मला आवडते. दोनशे वर्षांपूर्वी इटलीत पेलेग्रिनो तुर्री नावाच्या माणसाने कॅरोलिना फान्तोनी या दृष्टिहीन बाईंसाठी लिहायचं यंत्र बनवलं. यंत्र आज नाही. बाईंनी त्यावर लिहिलेली काही पत्रं आहेत. त्यांच्या घरात सांगून लिहवायला माणसं कमी नसणार. तरी त्यांनी ती एकेक अक्षर ठोकत लिहिली.

हे डोक्यात ठेवून पाहिलं की साधनांचा क्रम बदलतो. आवाज तिसऱ्या-चौथ्या नंबरावर जातो. दोन खोल्यांच्या घरात बोलून लिहिणं म्हणजे सगळ्यांना वाचून दाखवणं. वेग जास्त, पण फक्त त्या मजकुरापुरता जो ओट्यापर्यंत ऐकू गेला तरी चालेल. (शिवाय बोललेलं बऱ्याचदा दूर कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जातं. घरच्यांपासून लपवायचं आणि कंपनीला ऐकवायचं, हा सौदा आपण सगळेच करतो. दादाने का करू नये?) चेहऱ्याचा मार्ग, मिनिटाला एक शब्द देणारा, अचानक वर येतो, कारण तो पूर्ण मुका आहे. पण फोन स्टँडवर लावून चेहऱ्यासमोर कोणीतरी ठेवावा लागतो, आणि ठेवणाऱ्याला पडदा दिसतो. काडी सगळ्यात वर. हात थरथरतो, खांदा दुखतो, पण पडदा दादाकडे वळलेला असतो.

काडी जमायला लागल्यावर दादाने फोनचा पिन बदलला. आधीचा पिन भावाला माहीत होता, साहजिकच, त्यानेच टाकला होता. भावाला कळलं तेव्हा तो म्हणाला, ‘माझ्यापासून काय लपवायचंय तुला?’ रागाने नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून. दोन दिवस घरात सगळे थोडे जपून बोलत होते. आत्या मला म्हणाली, बघ बाई तुझ्या त्या काडीने काय केलं. मला याचं उत्तर देता आलं नाही आणि अजूनही पूर्ण देता येणार नाही. कारण भावाचं दुःख खोटं नव्हतं. ज्या जवळिकीत काही लपलेलं नसतं ती त्याला गमावल्यासारखी वाटली. पण ती जवळीक एकाच बाजूने उघडी होती. भावाच्या फोनचा पिन दादाला कधीच माहीत नव्हता, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

‘आधी फॉर्म भरता येऊ दे, पेन्शन मिळू दे, मग गुपितं बघू’ असं मला एका मित्राने ऐकवलं. त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण फॉर्म दुसऱ्याच्या हातून भरता येतो. तेच तर काम दुसऱ्याच्या हातून होण्यासारखं आहे. जे दुसऱ्याकडून करवून घेताच येत नाही, त्यासाठी साधन हवं. आपण मात्र साधनं फॉर्मवरच तपासतो.

‘त्यालाच विचारा, समाधानी आहे का’ हाही मार्ग आहे, आणि तो वापरला जातो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये तयार झालेली एक प्रश्नावली जगभर चालते. बारा प्रश्न: वजन, आकार, टिकाऊपणा, सुरक्षितता, दुरुस्ती वगैरे. शेवटी वापरणाऱ्याने त्यातले आपल्याला सगळ्यात महत्त्वाचे तीन निवडायचे. हे शेवटचं मला फार चांगलं वाटतं. पण बारांत एकही प्रश्न असा नाही की ‘हे वापरताना कोण बघतं?’ आणि समाधानाची दुसरी अडचण अमर्त्य सेन यांनी फार आधी दाखवली आहे. १९७९ च्या एका व्याख्यानात त्यांनी विचारलं होतं की समता म्हणजे कशाची समता, आणि त्यात अपंग माणसाचंच उदाहरण घेतलं होतं. त्याला आणि धडधाकट माणसाला वस्तू सारख्या देऊन भागत नाही, त्या वस्तूंनी कोण काय करू शकतो ते बघावं लागतं. पुढे त्यांनी हेही मांडलं की ज्याच्या वाट्याला कायम कमी येतं तो कमीवर समाधानी व्हायला शिकतो, म्हणून नुसतं समाधान मोजून चालत नाही. दादाला पहिल्या वर्षी विचारलं असतं तर त्याने भावालाच पैकीच्या पैकी गुण दिले असते. विचारणारा प्रश्न वाचून दाखवायला भावालाच बसवणार होता, हा भाग वेगळा.

आणि याच्या उलट बाजूने, माणसं साधन टाकून देतात तेव्हा आपण त्यांना आळशी समजतो. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २२७ अपंग प्रौढांना विचारलं होतं. त्यांना मिळालेल्या साधनांपैकी सुमारे २९ टक्के त्यांनी वापरणं सोडलं होतं. कारणांत, साधन निवडताना त्यांचं मत न विचारणं हे होतंच, पण ‘साधन सहज मिळणं’ हेही होतं. शिबिरात ओळीने वाटलेलं घरी येऊन पलंगाखाली जातं, हे आमच्याकडे कोणालाही पटेल. साधनाची परीक्षा एका चांगल्या दिवशी, टेबलावर, पंख्याखाली होते. आमच्या भागात सिकलसेल घराघराला माहीत आहे. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत तोही आहे. त्या आजारात सोमवारी चालणारा हात बुधवारी दुखण्याने बंद असतो. सोमवारी चाचणी घेतली तर बुधवारचं काय? दादाचंही तसंच आहे, ताप आला किंवा पाय आखडले की काडी बंद. त्या दिवशी त्याला पुन्हा भाऊच हवा असतो, आणि ते ठीक आहे.

आमच्या तालुक्याला या विषयात एक जागा आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. देशातली पहिली आधार कार्डं २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत वाटली गेली. पंतप्रधान आले होते. त्या दिवसापासून बोटाचा ठसा हा या देशातला सगळ्यात जास्त चालणारा इनपुट झाला, म्हणायला हरकत नाही. रेशन, पेन्शन, सिम. दादासारख्याचं बोट दुसऱ्याने धरून यंत्रावर टेकवावं लागतं. म्हणजे पुन्हा हात धरणारा कोणीतरी. इथे ठसा खरा असतो, तरी होकार कोणाचा हे यंत्राला कळत नाही. ज्यांना बोटंच नाहीत त्यांच्यासाठी डोळ्यांच्या बुबुळांची सोय नियमांत असतानाही केरळमधल्या अशा एका बाईंची नोंदणी २०२३ च्या डिसेंबरात मंत्र्यांनी लक्ष घातल्यावर झाली. आणि ॲसिड हल्ल्यात पापण्या गमावलेल्यांना बँका ‘डोळे मिचकवा’ सांगत होत्या, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला २० निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हे फार मोठं आहे. पण त्या निकालातला प्रश्न दारापर्यंत पोचण्याचा आहे, आणि माझा प्रश्न दाराच्या आत बोलणारा कोण हा आहे.

तो प्रश्न आता आणखी अवघड होतोय, आणि फक्त दादासाठी नाही. कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो हे तुम्हाला रोजचं आहे. स्टीफन हॉकिंग गालाच्या एका स्नायूने लिहायचे, त्यांच्या संगणकातही शब्द सुचवणारी यंत्रणा होती आणि ती त्यांच्याच आधीच्या लेखनावर शिकवलेली होती. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. सुचवणं त्यांच्याच शब्दांतून होत होतं. दादाच्या फोनवरचं सुचवणं कोणाच्या शब्दांतून होतं? सगळ्यांच्या. ‘पैसे’ लिहिलं की ‘पाठवा’ येतं, ‘मी’ लिहिलं की ‘ठीक आहे’ येतं. आता तर दोन शब्द दिले की पूर्ण पत्र लिहून देणारी यंत्रं आली आहेत. दादासाठी तो केवढा मोठा आराम! सात हालचालींत अख्खा परिच्छेद. वेगाच्या तक्त्यात ते भावालाही मागे टाकेल. आणि ते भावासारखंच नम्र आहे, भावासारखंच कोणाला दुखवत नाही. ‘पैसे कधी देतोस ते सांग’ याचं ते काय करेल याची मला चांगली कल्पना आहे. आम्ही करूनही पाहिलं. पत्र सुंदर होतं, ‘आपल्या सोयीनुसार’ असं त्यात दोनदा आलं होतं.

दादाला ते आवडलं नाही, पण त्याने ते टाकूनही दिलं नाही. त्याने स्वतःच एक वाटणी करून घेतली आहे, जी मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती. सरकारी अर्ज, किराणा, डॉक्टर, हे भावाकडे किंवा त्या यंत्राकडे. भांडण, मित्र आणि रात्रीचे मेसेज काडीने. एखादी गोष्ट कुठल्या बाजूची हे तो ठरवतो, आणि कधीकधी मुद्दाम चुकीच्या बाजूला टाकतो. वहिनीच्या वाढदिवसाचा मेसेज त्याने काडीने लिहिला, अर्धा तास घालवून, आणि भावाला दाखवला नाही. वहिनीने दाखवला.

गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीकडे अर्ज केला. स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात, त्यातून फोनचा एक नीट वाकणारा स्टँड मिळावा म्हणून. असा स्टँड, जो एकदा पलंगाला बसवला की दादा कोपराने स्वतःकडे वळवू शकेल आणि ठेवणाऱ्याला मागे उभं राहायचं कारण उरणार नाही. अर्ज भावाने टाइप केला, तीनच मिनिटांत, नेहमीसारखा चांगला. दादाने फोन मागून घेऊन वाचला. ‘कृपया’ तीनदा होतं. त्यातले दोन त्याने काडीने खोडले, काना, अक्षर, ऋकार करत एकेक, आणि मग म्हणाला, आता पाठव.